फळमाशीचा माग

मंदाकिनीबाईंच्या स्मरणशक्तीबद्दल सहकारनगरच्या त्या गल्लीत कुणालाही शंका नव्हती. अख्खी नोकरी त्यांनी टेलिफोन खात्यात, ट्रंक बोर्डावर काढली होती. लोक सोलापूर मागायचे, जळगाव मागायचे, आणि बाईंचे हात समोरच्या कागदाकडे न बघता खटाखट दोऱ्या जोडायचे. पुढे नाक्यानाक्यावर एसटीडीचे पिवळे बूथ उगवले, बोर्ड भंगारात गेले, बाईही निवृत्त झाल्या. तरी गल्लीत कुणाला एखादा जुना नंबर हवा असला की डिरेक्टरी उघडण्याआधी त्यांच्या फाटकाची कडी वाजायची.

यजमान माधवराव गेल्यापासून बंगल्यात त्या एकट्याच होत्या. मुलगी कादंबरी बाणेरला, सॉफ्टवेअर कंपनीत. अमेरिका जागी झाली की हिचं ऑफिस सुरू, त्यामुळे रविवारशिवाय तिचं तोंड दिसायचं नाही. आईनं एकटं राहू नये म्हणून तिनंच हट्टानं वरच्या खोलीत पेइंग गेस्ट ठेवायला लावली. अशी उत्कर्षा आली. मूळची वरूडची, संत्र्यांच्या मुलखातली. कीटकशास्त्रात पदवी घेऊन मांजरीजवळच्या एका छोट्या कंपनीत नोकरीला लागली होती.

"तुमची कंपनी करते काय?" पहिल्याच संध्याकाळी बाईंनी विचारलं.

"कामगंध सापळे बनवतो आम्ही, काकू."

बाईंनी कपबशी खाली ठेवली. "कसला गंध?"

"कामगंध. म्हणजे मादी किडा नराला बोलवायला जो वास सोडते ना, तो. तसलाच वास सापळ्यात ठेवायचा. नर येतो आणि अडकतो. औषध फवारायला नको."

"हा शब्द शेजारच्या यज्ञेश्वररावांपुढे उच्चारू नकोस," बाई म्हणाल्या. "जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली त्यांनी. आधी शुद्धलेखन बघतील, मग अर्थ बघतील, आणि मग आपल्याकडे बघतील."

उत्कर्षा हसली आणि तिथून दोघींचं जमलं. उत्कर्षाच्या ओढणीवर कधी कधी पिवळसर, गांधीलमाशीच्या धाकट्या बहिणीसारख्या दिसणाऱ्या माश्या बसलेल्या असायच्या. दिवसभर ती त्या वासात काम करायची, आणि स्वारगेटला बसमधून उतरली की फळवाल्यांच्या गाड्यांवरच्या माश्या हिच्या मागे लागायच्या. "लवंगेसारखा वास येतो ना माझ्या कपड्यांना?" असं तिनं एकदा विचारलं. बाई म्हणाल्या, "मला तर काही येत नाही बाई. सर्दीनं नाक बसलंय, ते अजून उठलं नाही." ती सर्दी संक्रांतीच्या सुमाराची होती. पण तेव्हा दोघींपैकी कुणालाच त्यात लक्ष देण्याजोगं काही वाटलं नाही.

जुलै उजाडला आणि परसातल्या पेरूला फळ धरलं. झाड माधवरावांनी लावलेलं, फळ साखरेसारखं. पण या वर्षी बाईंनी पहिला पेरू चिरला आणि सुरी तशीच धरून उभ्या राहिल्या. आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. दुसरा चिरला, त्यातही तेच. इतक्या वर्षांत या झाडाला कीड म्हणून लागली नव्हती.

उत्कर्षानं फळ उन्हात धरून सालीवरचं टाचणीएवढं भोक दाखवलं. "फळमाशी, काकू. मादी इथून आत अंडी घालते. मी उद्या सापळा आणते."

सापळा म्हणजे प्लॅस्टिकची एक बरणी होती, बाजूला भोकं, आत औषधात भिजवलेला लाकडाचा ठोकळा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तो पेरूच्या फांदीला टांगला, आणि ती कामावरून परत येईपर्यंत बरणीचा तळ माश्यांनी झाकून गेला होता. बाईंना मोठं समाधान वाटलं. चार दिवस त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला बरणी दाखवत राहिल्या.

पाचव्या दिवशी पेरू चिरला, तर आत अळ्या.

"अगं, हे काय?" संध्याकाळी उत्कर्षा चपला काढते आहे तोच बाईंनी तिला गाठलं. "इतक्या मेल्या, तरी आहेतच?"

"मेले ते सगळे नर, काकू. या वासाला नरच येतात."

"आणि बायका?"

"त्या येत नाहीत. खरं सांगायचं तर फळमाशीसाठी वापरतो तो मादीचा वास नव्हेच. मिथाईल युजेनॉल, झाडांमधला वास आहे तो, तुळशीत पण असतो. नर तो वास खातो, आणि पोटात त्याचंच अत्तर करून मादीला भुलवतो. त्यासाठी वेडा होऊन येतो तो."

"म्हणजे माझ्या तुळशीला येणारे नर तू पेरूला बोलावलेस. आणि अळ्या घालणाऱ्या बायका मोकळ्याच?"

"नर संपले की माद्यांची अंडी फुकट जातात. पण ते सगळीकडचे संपले तर. बाहेरून आधीच जोडी लावून आलेली मादी आली, तर..." उत्कर्षानं हात पसरले.

बाईंच्या डोक्यात हे काही नीट बसेना. सापळा भरतो म्हणजे तो चांगला चालतो. पण सापळा भरतो म्हणजे माश्या भरपूर आहेत. मग भरलेल्या बरणीकडे बघून हसायचं की रडायचं? त्या रात्री जेवताना त्यांनी दोनदा विचारलं आणि उत्कर्षानं दोनदा सांगितलं. सकाळी त्यांनी तोच प्रश्न परत विचारला तेव्हा उत्कर्षाला वाटलं, काकूंना विषय फारच आवडलेला दिसतो.

भिंतीपलीकडून यज्ञेश्वररावांनीही आपलं मत दिलं. ते आपल्या पेरूखाली पंचा खोचून उभे होते.

"मंदाकिनीबाई, तुमच्या त्या बरणीवर 'सुस्वागतम्' एवढंच लिहायचं राहिलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे पर्वतीपासूनच्या माश्यांना तुम्ही आमंत्रण दिलंत. तुमच्याकडे जागा संपली की त्या माझ्याकडे येतात. माझेही पेरू गेले."

बाई आत आल्या, पण मनातून चिडल्या. या माणसाचं महिनाभर काहीतरी बिनसलं होतं. दर वर्षी दारचे आंबे उतरवले की त्या पहिली टोपली यज्ञेश्वररावांना नेऊन द्यायच्या. या वर्षीही दिली होती. दारात उभं राहून त्यांनी ती घेतली होती, "ठेवा" म्हणाले होते, हे बाईंना अगदी चित्रासारखं आठवत होतं. त्यानंतर आंबे कसे होते याबद्दल एक शब्द नाही. उलट फाटकात समोरासमोर आले तरी मान फिरवतात. आंबे खाल्ले आणि वर माश्यांचं खापर आमच्यावर, असं त्या उत्कर्षाला म्हणाल्या.

उत्कर्षाला मात्र त्यांचं बोलणं अगदीच वेडगळ वाटलं नव्हतं. "एवढ्या माश्या एकट्या पेरूच्या नाहीत, काकू. पेरूला फळ आताशी धरलंय. जवळपास कुठेतरी फळ सडतंय. तिथे यांची पैदास चालू आहे. ती जागा शोधायला हवी. आणि तोवर खाली पडलेला एकही पेरू तसा ठेवायचा नाही. उचलायचा आणि खोल खड्ड्यात पुरायचा."

"ते करते मी," बाई म्हणाल्या.

शोधायची युक्ती उत्कर्षानंच काढली. कंपनीतून आणखी बरण्या आणून गल्लीतल्या निरनिराळ्या बंगल्यांत टांगायच्या. जिकडची बरणी जास्त भरेल, तिकडे मूळ. बाईंना तरतरी आली. त्या स्वतः दारोदार गेल्या. कोपऱ्यावरच्या निवृत्त मास्तरांनी, "आमच्यात फक्त जास्वंद आहे," म्हणत का होईना, फांदी दिली. समोरचा बंगला कुलूपबंद होता. मालकीणबाई वारल्या, मुलगा सॅन होजेला. त्याच्या फाटकातून डोकावलं तर आत चिकूचं मोठं झाड आणि खाली गवत माजलेलं. बाईंची खात्रीच पटली की मूळ इथेच. फाटकाच्या आतल्या फांदीला उत्कर्षानं काठीनं बरणी अडकवली.

यज्ञेश्वररावांकडे बाई शेवटी गेल्या. त्या आधीच तापलेल्या होत्या, त्यामुळे सुरुवातच चुकली.

"तुमच्या परसात पडलेले पेरू तुम्ही उचलता का?"

"या," यज्ञेश्वरराव म्हणाले आणि त्यांनी फाटक सताड उघडलं. "तपासा."

परस झाडून लख्ख होतं. एका बाजूला ताज्या मातीचा चौकोन होता. "रोज संध्याकाळी पुरतो. तुमची ती मुलगी सांगून गेली तेव्हापासून. आणखी काही? कपाट उघडून दाखवू?"

बाई वरमल्या. बरणी त्यांनी पेरूला लावली, धन्यवाद म्हटलं आणि परत आल्या. घरी येईपर्यंत त्यांना प्रश्न पडला होता की उत्कर्षा यांच्याकडे गेली कधी, आणि ती गेली होती तर आपल्याला सांगितलं का नाही. उत्कर्षा म्हणाली, "सांगितलं ना, काकू. सोमवारी. तुम्ही 'बरं केलंस' म्हणालात."

"हो का? असेल," बाई म्हणाल्या. पण तसं काही त्यांना आठवत नव्हतं. खोटं बोलण्यासारखी मुलगी नव्हती. मग?

रविवारी बरण्या उतरवल्या. उत्कर्षानं ओट्यावर ओळीनं मांडल्या, कुठली कुठली त्याच्या चिठ्ठ्या चिकटवून. मास्तरांची जवळजवळ रिकामी. समोरच्या बंद बंगल्यातली, जिच्यावर बाईंनी सगळी भिस्त ठेवली होती, तिच्यात मूठभरसुद्धा नाहीत. यज्ञेश्वररावांची निम्मी. बाईंच्या स्वतःच्या झाडाची गळ्यापर्यंत भरलेली.

"म्हणजे मूळ आपल्याकडे?" बाईंनी विचारलं.

"मलाही कळेना," उत्कर्षा म्हणाली. "वाऱ्यानं फरक पडतो म्हणा. पण इतका नाही पडणार. काकू, तुम्ही पुरलेले पेरू किती खोल आहेत?"

"चांगले हातभर."

"कुठे?"

बाई तिला आंब्याखाली घेऊन गेल्या. जमीन सपाट होती. पावसानं शेवाळ धरलेलं, कुठेही फावड्याची खूण नाही. बाई आंब्याच्या उजवीकडे गेल्या, मग डावीकडे गेल्या, मग विहिरीच्या कठड्यापाशी. "इथेच कुठेतरी," त्या म्हणाल्या. रोज खणल्याचं त्यांना आठवत होतं. ओल्या मातीचा भार, फावड्याचा दांडा, सगळं आठवत होतं. फक्त खड्डा नव्हता.

 उत्कर्षा घराच्या मागच्या भिंतीकडे बघायला लागली. तिथे माधवरावांची खोली होती, त्यांची हत्यारं, जुनी सायकल, असलं काहीबाही ठेवलेली. तिच्या छोट्या खिडकीची जाळी एका कोपऱ्यात फाटली होती आणि जाळीवर पिवळसर ठिपके हलत होते.

"काकू, रागावणार नाही ना? मला या बाजूनं कधीपासून वास येतोय. आंबल्यासारखा. मला वाटलं, जुन्या घरांना पावसात येतो तसा असेल. आणि मी दिवसभर युजेनॉलमध्ये बसते, माझ्या नाकाचा मलाच भरवसा नाही."

"कसला वास?" बाईंनी नाक वर करून दोन-तीनदा श्वास घेतला. "काहीसुद्धा नाही. आणि ती खोली तर हे गेल्यापासून बंद आहे. किल्ली माझ्या कमरेला असते."

"एकदा उघडू या?"

कुलूप बाईंनीच उघडलं. गंजलेलं असेल असं वाटलं होतं, पण किल्ली अलगद फिरली, रोज फिरत असल्यासारखी. दार लोटलं आणि उत्कर्षा ओढणी नाकाशी धरून मागे सरली. बाई मात्र सरळ आत गेल्या.

जमिनीवर पेंढा पसरून नीट अढी घातलेली होती. आंबे काळे पडून बसले होते, रस सुकून पेंढ्याला चिकटला होता आणि त्या पेंढ्यात गव्हाच्या दाण्यांसारखे तपकिरी कोष जागोजागी पडले होते. अढीच्या कडेला एक टोपली होती. त्यात पेरू. काही चेपलेले, काही अजून पिवळेधमक, या आठवड्यातले. ते देठ वर करून, एकाला एक लावून ठेवलेले होते आणि त्यांच्यावर निळ्या काठाचं एक जुनं लुगडं मायेनं पांघरलेलं होतं. खिडकीपाशी माश्यांचा नुसता थवा होता.

बाईंनी लुगड्याचं टोक हातात घेतलं. "हे माझं आहे," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हे इथे कुणी आणलं?"

उत्कर्षा उंबऱ्यावरून टोपलीकडे बघत होती.

"मी विचारते, कुणी ठेवलं हे?" बाईंचा आवाज चढला. "आंबे तर मी वाटले. यज्ञेश्वररावांना दिले, कादंबरीला दिले, मास्तरांना दिले. पेरू पुरले. मग हे... तूच आणलंस. तुझ्या कंपनीत माश्या पाळतात ना तुम्ही? तुम्हाला लागतात माश्या. माझ्या घरात पाळल्यास तू त्या."

"काकू!"

"किल्ली कधी घेतलीस माझी?"

उत्कर्षाचा चेहरा उतरला. ती वळून जिन्यानं वर निघून गेली. वरून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. बाई खोलीच्या दारात उभ्याच राहिल्या. त्यांना मुलीचा राग आला होता आणि त्याच वेळी तो राग कुठेतरी पोकळ वाटत होता, चुकीच्या नंबरावर घंटी वाजत राहावी तसा.

आवाज ऐकून यज्ञेश्वरराव भिंतीपाशी आले होते. फाटकातून आत येऊन ते खोलीशी थांबले. त्यांनी आत बघितलं आणि नाकावर पंचा धरला. 

"बघा," बाई म्हणाल्या. "बघा काय करून ठेवलंय त्या मुलीनं. तुम्हीच सांगा, आंबे मी तुम्हाला दिले की नाही?"

"या वर्षी?"

"या वर्षी. तुमच्या दारात. तुम्ही 'ठेवा' म्हणालात."

यज्ञेश्वररावांनी पंचा खाली घेतला. "ते गेल्या वर्षी, मंदाकिनीबाई. या वर्षी तुम्ही आला नाहीत. मी म्हटलं, आपण काही लागेलसं बोललो असू. आपलं तोंड काही बरं नाही. म्हणून मी जरा लांबच राहिलो."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. दार, हातातली टोपली, त्यांचं ते तुटक "ठेवा". सगळं डोळ्यांपुढे होतं. पण त्या चित्रात यज्ञेश्वररावांच्या मागे त्यांची सूनबाई उभी होती, कडेवर बाळ घेऊन. आणि ती तर दिवाळीतच नवऱ्याबरोबर सिंगापूरला गेली होती.

त्या पायरीवर बसल्या.

"मग मी काय केलं?" असं त्यांनी विचारलं, आणि ते यज्ञेश्वररावांना विचारलं की स्वतःला हे त्यांनाही सांगता आलं नसतं. आपल्याच पायांनी आपण रोज इथे आलो, आपल्याच हातांनी कुलूप काढलं, फळं मांडली, वर लुगडं घातलं. आणि या सगळ्याची आपल्याजवळ खूणसुद्धा नाही. एखाद्या परक्या बाईनं आपल्या घरात संसार मांडावा आणि शेजारपाजाऱ्यांना ती आपणच वाटावी, तसं त्यांना झालं. त्यांना भीती वाटली, पण कशाची भीती हेही धड कळेना.

यज्ञेश्वरराव जिन्यापाशी गेले आणि वर बघून हाक मारली, "अहो मुली, बॅग नंतर भरा. आधी हे कसं निस्तरायचं ते सांगा. नुसतं पुरून चालेल का?"

 मग उत्कर्षा खाली आली, डोळे पुसलेले, केस घट्ट बांधलेले. "नुसतं नाही चालणार," ती म्हणाली. "पेंढ्यात कोष आहेत, पेंढा जाळायला लागेल. फळं पॉलिथिनच्या पिशवीत बांधून खोल पुरायची. जमीन गरम पाण्यानं धुवायची. आणि आधी खिडकी बंद करा."

बाईंनी तिचा हात धरला. त्या म्हणाल्या, "चहा घेशील?" उत्कर्षा म्हणाली, "आधी काम, काकू." पण हात तिनं लगेच सोडवून घेतला नाही.

कादंबरी दुपारी आली तेव्हा परसात धूर होता, आणि यज्ञेश्वरराव कमरेइतक्या खड्ड्यात उभे राहून पुण्यातल्या मातीत दगडच किती यावर टीका करत होते. उत्कर्षानं तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. कादंबरीनं आधी विश्वास ठेवला नाही. "आईला? अगं, तिला माझ्या शाळेतल्या मैत्रिणींचे नंबर पाठ आहेत!" मग ती थांबली. "या वर्षी आंबे नाही आले माझ्याकडे. मी म्हटलं, झाडाला कमी लागले असतील. मी विचारलंसुद्धा नाही." त्यानंतर ती बराच वेळ खोलीच्या दाराशी फोन हातात धरून उभी होती, कुणालाही न लावता.

डॉक्टरांकडे जायला पुढचा आठवडा उजाडला. डॉक्टर तरुण होते, हळू बोलायचे. त्यांनी बाईंना डोळे मिटायला सांगितलं आणि एकेक छोटी बाटली नाकाखाली धरली.

"कसला वास?"

"पाणी आहे," बाई म्हणाल्या.

ती कॉफी होती. दुसरी कापराची, तिसरी लवंगेच्या तेलाची. तिन्हींना बाई "पाणी" म्हणाल्या, आणि चौथ्यांदा डोळे उघडून म्हणाल्या, "तुम्ही माझी चेष्टा करताय का?" डॉक्टरांनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. थोड्या वेळानं विचारले, तर एकही येईना. त्याउलट या दवाखान्याच्या जागी पूर्वी कुणाचं दुकान होतं आणि त्याचा नंबर काय होता हे बाईंनी न विचारता सांगितलं. डॉक्टर हसले, पण कादंबरीला हसू आलं नाही.

"वास जाणं हे साध्या सर्दीनंही होतं," डॉक्टर म्हणाले. "विसरायला होणं वयानंही होतं. दोन्ही एकत्र असलं की जरा लक्ष ठेवावं लागतं. तपासण्या करू. आज मी नाव देणार नाही."

"नाव नाही म्हणजे आजार नाही की आजार आहे?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे मलाही अजून नक्की कळलेलं नाही, आजी."

हे उत्तर बाईंना, का कोण जाणे, पटलं. निदान गोंधळात आपण एकट्या नाही.

श्रावण संपता संपता बरण्या ओसरायला लागल्या. गल्लीतल्या सगळ्यांनी त्या तशाच ठेवल्या होत्या, मास्तरांनी जास्वंदीलासुद्धा. पेरूत अळी सापडेनाशी झाली असं नाही, पण चिरताना आता हात बिचकत नव्हता. मधल्या काळात कादंबरीनं बंगला विकायचा विषय काढून बघितला. बिल्डर मागे लागलेच होते, बाणेरला तिच्या इमारतीत लिफ्ट होती, खाली सुरक्षारक्षक होता. बाई म्हणाल्या, "तिथे मला कुणी ओळखत नाही. विसरलेल्या बाईला कुणी ओळखत नसेल, तर उरतं काय?"  तूर्तास असं ठरलं की मागच्या खोलीची किल्ली उत्कर्षाकडे राहील, आणि कादंबरी आठवड्यातले दोन दिवस इथून काम करील. इंटरनेटची तार ओढायला माणूस येऊन गेला.

एक गोष्ट मात्र बाईंनी स्वतःच ठरवली. एका सकाळी त्या भिंतीपाशी गेल्या आणि यज्ञेश्वररावांना हाक मारली.

"तुम्हाला दुसऱ्याची चूक दाखवायची सवय आहे."

"पोटापाण्याची होती," ते म्हणाले.

"तर मग माझी दाखवत जा. लोक माझ्याशी गोड बोलायला लागलेत. तीच गोष्ट मी दोनदा सांगितली की दोन्ही वेळा मान डोलावतात. मला काही कळेनासं होतं त्यानं. तुम्ही तसं करू नका. घरातून कसला वास आला तर सांगा. मी काही परत परत विचारलं तर तोंडावर सांगा."

यज्ञेश्वररावांनी पंचा नीट खोचला. "सगळ्याचं जमणार नाही. माझंही वय झालंय. वासाचं सांगेन."

"चालेल."

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. उत्कर्षा मांजरीला गेली होती, कादंबरीचा दिवस नव्हता. बाई ओसरीत पेपर वाचत बसल्या होत्या. भिंतीपलीकडून खणखणीत आवाज आला.

"मंदाकिनीबाई! दूध लागलं!"

बाई उठून धावल्या. स्वयंपाकघरात धूर होता. पातेल्याच्या तळाला काळा थर धरला होता, शेगडीभर दूध उतू गेलं होतं. त्यांनी गॅस बंद केला, फडक्यानं पातेलं उचलून मोरीत ठेवलं, पाणी सोडलं. ते चरचरलं. त्या तशाच उभ्या राहिल्या, पातेल्याकडे बघत. मग मागच्या दारातून परसात आल्या. यज्ञेश्वरराव भिंतीपाशीच होते.

"काय हो," बाईंनी विचारलं, "हे दूध मी तापत कधी ठेवलं?"

"ते मला काय विचारता?" यज्ञेश्वरराव म्हणाले. "माझ्याकडे फक्त वासाचं खातं आहे."

बाईंना हसू आलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते धुराचं की कशाचं ते त्यांना कळलं नाही. यज्ञेश्वररावांनी भिंतीवरून हात पुढे केला. त्यात स्टीलची छोटी बरणी होती.

"घ्या. आमच्याकडचं दूध. आज सकाळीच तापवलंय. चहा करा, आणि गॅसपाशीच उभ्या राहा."

"तुम्हीही या," बाई म्हणाल्या. "दोघं उभे राहू."